डाव्या जोड्याचा तळ

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो," जोडेकाका म्हणाले आणि खुर्चीत असे ऐसपैस बसले, जणू चौकशी समिती त्यांनीच नेमली होती. "आजवर कुणालाच वाटलेलं नाही. अडतीस वर्षं मी दर्ग्याच्या दारात जोडे सांभाळले. बिल्ला नाही, नंबर नाही, चिठ्ठी नाही. माणूस बाहेर आला की तोंडाकडे बघायचंच नाही, नुसती पावलं बघायची आणि त्याचे जोडे पुढं सरकवायचे. अडतीस वर्षांत एक जोडा इकडचा तिकडे झाला नाही. एकदा जुळे भाऊ आले. जोडे एकाच दुकानातले, एकाच मापाचे, एकाच दिवशी घेतलेले. मी वास घेऊन सांगितलं, हा धाकट्याचा."

"वास घेऊन?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धाकटा लबाड होता, साहेब. लबाड माणसाच्या पायाला घाम फार."

टायपिस्ट फिसकन हसला आणि हसणं टाइप करायचं की नाही या विचारात बोटं वर धरून थांबला.

चौकशी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालली होती. सरकारी कचेरीत जागा नव्हती. निदान या कामासाठी तरी नव्हती. दोरीवर मुलांची चित्रं चिमट्यांनी लटकत होती. समितीत एकच माणूस, ते निवृत्त न्यायाधीश. मुलांच्या बाकावर ते मावेनात, म्हणून त्यांना मास्तरांची खुर्ची दिलेली. खिडकीपाशी वकीलबाई उभ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी हा खटला त्यांनी अंगावर घेतला तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. आणि शेवटच्या बाकावर, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून, एक तरुण बाई बसली होती. सकाळी टायपिस्टनं तिची हजेरी घेतली तेव्हा जोडेकाकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. घड्याळजींची मुलगी. मावशीकडे राहून शिकत होती म्हणायचे, ती हीच.

चौकशीचा प्रश्न एका ओळीचा होता. दर्ग्यात दोन्ही आळ्यांचे लोक येत होते असं दाखवायला जी पाचशे सव्वीस नावांची यादी कचेरीत दिली होती, ती खरी की बनावट? खरी ठरली तर दर्ग्याचं नऊ वर्षांचं कुलूप निघणार. एक नाव जरी खोटं निघालं तरी सगळी यादी बाद, आणि जागा कचेरीच्या गोदामाला. मध्ये काही नाही. जोडेकाका ऐंशीला टेकले होते. ते कुलूप निघालेलं बघायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, याखेरीज त्यांनी जगाकडे काही मागायचं शिल्लक ठेवलं नव्हतं.

"सुरुवातीपासून सांगा, काका," न्यायाधीश म्हणाले. "आणि जुळे भाऊ नकोत."

"नकोत तर नकोत. दर्गा आहे दोन आळ्यांच्या मधोमध, उतारावर. वरची आळी देवाला एका नावानं हाका मारते, खालची दुसऱ्या. देव दोघींनाही ओ देत नाही, ते सोडा. थडग्यात झोपलेले ते पीर, आणि त्यांच्या उशाशी जागे असायचे ते आमचे बाबा. बाबांचे दारातले नियम तीनच. जोड्यांची रांग एकच, जो येईल त्याचे त्याच्या पुढं. कारखानदाराच्या बुटाशेजारी झाडूवालीची चप्पल आली तर आली. दुसरा नियम, दारात कुणाला नाव-गाव विचारायचं नाही. आणि तिसरा, माणूस आत गेला की त्याचे जोडे फिरवून ठेवायचे, चवडे बाहेर. निघताना पाहुण्याला वाकावं लागता कामा नये."

"हे सूफी सूफी म्हणतात ते हेच का?"

"मला पुस्तकातलं विचारू नका, साहेब. बाबा एवढंच म्हणायचे, जोडे काय, सगळेच काढतात. जोड्यांबरोबर जो स्वतःलाही दारात काढून ठेवतो तो सूफी. मी म्हटलं, बाबा, मग ते कोण सांभाळायचं? बाबा म्हणाले, ते कुणी चोरत नाही रे, तू जोड्यांवर लक्ष ठेव."

न्यायाधीशांच्या ओठांचा कोपरा हलला. काकांनी तो टिपला. मासा गळाकडे वळला की पाण्याला कसं कळतं, तसं त्यांना ऐकणाऱ्याचं कळायचं. मग त्यांनी रंगाच्या कारखान्याची गोष्ट काढली. कोपरापर्यंत निळे हात घेऊन कामगार यायचे. त्यांच्या पावलांनी अंगणातली फरशी इतकी निळी झाली, की पाखरं तळं समजून उतरायची. त्याच फरशीवर दोन्ही आळ्यांच्या कामगारांची पहिली सभा झाली, कारण गावात दुसरीकडे कुठं त्यांना एकमेकांशेजारी बसायची सवयच नव्हती. अठ्ठावीस जणांना कामावरून काढलं तेव्हा खुद्द मालक आला होता आजारी आईसाठी दुआ मागायला. बाबांनी त्याला आत घेतलंच नाही. "जोड्यांपाशी बस म्हणाले. का, तर तू ज्यांना बाहेर बसवलंस, त्यांची जागा तुला ठाऊक हवी. बसला की बिचारा! माझ्या शेजारी, तीन दिवस. चौथ्या दिवशी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कामावर परत."

"तीन दिवस?"

"दीड तास. पण मालकाचा दीड तास आहे, साहेब, त्याला तीन दिवस तरी म्हणायलाच हवं."

"लिहू का?" टायपिस्टनं विचारलं.

"दीड तास लिहा," न्यायाधीश म्हणाले.

"आणि बायकांचं मतदान! बायकांनी मत द्यायला जायचं नाही असं दोन्ही आळ्यांच्या पंचांनी ठरवलेलं. शंभर वर्षांत दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर पटलं. बाबांनी त्या दिवशी बायकांना दर्ग्यात बोलावलं, पुरुषांनी त्यात पडायचं काय कारण? दुपारी त्या बाहेर आल्या. मी चपला सगळ्या चवडे बाहेर करून मांडलेल्या, म्हणजे नेमक्या मतदानाच्या शाळेकडं तोंड करून. एकदा चप्पल पायात गेली की बाई कुठं वळते? तीनशे बायका सरळ चालत गेल्या." त्यांनी खालच्या फरशीकडं बोट केलं. "याच वर्गात. या बाकापाशी पेटी होती."

ही गोष्ट खरी होती. तीनशेच्या ऐवजी नव्वद, पण खरी. गंमत अशी, की काकांच्या तोंडून खरी गोष्टही थापेसारखीच बाहेर पडायची. म्हणून तर ती लोकांना आवडायची. त्यांच्या आवाजात आता रंग भरला होता. पण डोळे मात्र पुन्हा पुन्हा शेवटच्या बाकाकडं जात होते. मुलगी हसत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. ती ऐकत होती. तहानलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या पेल्याकडं बघतो, तसं.

"आता यादीचं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

यादीचं. काकांनी पाणी मागितलं. पाणी येईस्तोवर जे आठवायचं नव्हतं ते सगळं आठवून झालं.

हवा बदलली होती. रंगाच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेच्या आळीवार दोन संघटना झाल्या होत्या, आणि दोघींचं भांडण आता मालकाशी नव्हतं, एकमेकींशी होतं. वरच्या आळीत कुणी कुणी बोलू लागलं की दर्गा खालच्यांचा, तिथं जाणारा घरभेदी. तेवढ्यात कचेरीची नोटीस आली. जागा दोन्ही समाजांची आहे असं सिद्ध करा, नाहीतर कुलूप. वकीलबाई काळे केस उडवत धावत आल्या होत्या. "काका, तुमच्याशिवाय कोण करणार हे काम! तुम्हाला एकेक माणूस ठाऊक आहे. नाव लिहा, आळी लिहा, आणि काहीतरी ओळख लिहा, म्हणजे कुणी बनावट म्हणणार नाही."

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. काकांनी विचारलं. बाबांची नजर छतावर होती. "मोजायचंच असेल तर जोडे मोज," ते म्हणाले. "माणसं मोजू नकोस. आज तू चांगल्यासाठी विचारशील, तू कोणाचा. उद्या तोच प्रश्न दुसरा कुणी विचारेल." काकांना ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. दर्गा वाचवायचा होता. आणि खोटं कशाला बोला, आयुष्यात पहिल्यांदा गावानं त्यांच्याकडं काहीतरी मागितलं होतं.

बाबा त्या आठवड्यात गेले. यादी पुरी झाली. खालची आळी, दोनशे त्रेसष्ट. वरची आळी, एकशे सदतीस.

एकशे सदतीस! दर आठवड्याला धमक्या ऐकून, भिंतीवरची शिवीगाळ वाचून, तरी एकशे सदतीस माणसं येत होती. बाबा असते तर त्या आकड्यापुढं त्यांनी मान लववली असती. पण काकांना तो आकडा लंगडा वाटला. गोष्ट सांगताना ज्यानं कधी नव्वदला नव्वद म्हटलं नाही, तो कचेरीपुढं एकशे सदतीस कसे ठेवणार? पारडी सारखी हवीत. त्यांनी बसल्या बैठकीला वरच्या आळीची आणखी एकशे सव्वीस नावं लिहिली. दुकानदार, शेजारी, रस्त्यात भेटणारे, ज्यांनी दर्ग्याचा उंबरा पाहिलाही नव्हता असे. आणि ओळखीच्या रकान्यात प्रत्येकाचे जोडे. कुणाची टाच वाकडी, कुणाची नाडी तुटकी. हात इतका सुटला होता, की मजाच येऊ लागली. शेवटचं नाव घड्याळजींचं. दोन वर्षांपूर्वी गावात आलेला विधुर माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दिवसभर डोळ्याला भिंग लावून गल्ल्यामागं बसलेला. डावा पाय जरा ओढत चालायचा. आता डावा पाय ओढणाऱ्याचा डावा तळच झिजणार, एवढं जोडेकाकांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी लिहिलं: तपकिरी जोडे, डावा तळ झिजलेला, दर आठवड्याला येतो.

यादी दिल्यावर वकीलबाई आनंदानं म्हणाल्या होत्या, "काका, कमाल केलीत! नियमाला वरच्या आळीची शंभर पुरे होती. तुम्ही तर अडीचशेच्या वर आणलीत."

शंभर पुरे होती. काकांच्या जेवणातली चव गेली ती त्या दिवशी. ती पुन्हा आली नाही.

"काका?" न्यायाधीश म्हणाले. "पाणी आलंय."

काका प्यायले. पेला खाली ठेवून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "यादी मी लिहिली, साहेब. एकेक नाव माझ्या हातचं, एकेक जोडा माझ्या हातून गेलेला. यादीची नक्कल कचेरीतून फुटली, वरच्या आळीतल्या चहाच्या दुकानात भिंतीवर चिकटली. पुढं काय झालं ते तुमच्या कागदात आहे. सतरा घरं फोडली. ती माणसं यादी हातात धरून दारोदार फिरली, आपल्याच आळीत, दिवसाढवळ्या."

"घड्याळजींच्या दुकानासमोर तुम्ही होतात?"

"रस्त्याच्या पलीकडं. जोड्यांना लावायला मेणाचा गोळा घ्यायला गेलो होतो."

"काय पाहिलंत?"

खिडकीपाशी वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट त्यांना पाठ होती; नऊ वर्षं त्यांना हिचाच आधार होता. काकांनी ती चौकात सांगितली होती, सभांतून सांगितली होती, ऐकणारे रडले होते. आणि जितक्यांदा सांगितली तितक्यांदा ती थोडी थोडी खरी होत गेली होती.

"दुकानात सतराशे साठ घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी," काकांनी सुरुवात केली. "ती माणसं आत घुसली आणि साहेब, सगळी घड्याळं एकदम थांबली. त्यांनी विचारलं, दर्ग्यात जातोस? घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. म्हणाले, जातो. दर आठवड्याला जातो. तुमचीही घड्याळं बिघडलीत, तुम्हीही चला. एकानं यादी वाचली, तपकिरी जोडे, डावा तळ झिजलेला. तेव्हा घड्याळजी आपल्या डाव्या पायाकडं बघून हसले. असं हसणं मी बाबांच्या तोंडावरच पाहिलं होतं. मग दर्ग्याच्या दिशेनं खाली वाकले. वाकलेल्या माणसाला त्यांनी..." ते थांबले. "बाकी तुमच्या कागदात आहे."

टायपिस्टच्या यंत्राची खडखड थांबली होती. न्यायाधीशांनी चष्मा काढून रुमालानं पुसला.

काकांनी जे सांगितलं नाही ते इतकंच. घड्याळजी म्हणाले होते, "नाही. मी कधीच गेलो नाही. विचारा कुणालाही." आणि 'कुणालाही' म्हणताना त्यांची नजर रस्ता ओलांडून समोर मेणाचा गोळा घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर पडली होती. दोन शब्द पुरे होते. 'मी रचलं.' ते दोन शब्द म्हटले असते तर यादी गेली असती, दर्गा गेला असता, आणि घड्याळजी गल्ल्यामागं परत बसले असते. ज्या जिभेला अडतीस वर्षांत कधी विसावा मिळाला नव्हता, तिनं तेवढा एक क्षण विसावा घेतला.

पण ते हसणं खरं होतं. वाकणंही खरं होतं. नऊ वर्षं काकांना त्या दोन गोष्टींचा उलगडा झाला नव्हता, म्हणून त्यांनी त्यात शौर्य भरलं होतं. न कळलेल्या जागी माणूस दुसरं काय भरणार!

"ठीक आहे," न्यायाधीश खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्यापुरतं समाधान झालंय. घड्याळजी दर्ग्यात जायचे अशी त्यांच्या वारसाची सही झाली की मी यादी खरी धरतो." त्यांनी कागद पुढं सरकवला. "या, बाई. वडिलांबद्दल हे ऐकणं सोपं नसेल. तुम्हाला काही म्हणायचंय?"

मुलगी उठली. दोन बाकांच्या मधून चालत पुढं आली. तिनं पेन उचललं, टोपण काढलं. काकांना तिच्या पायांकडं बघायचं नव्हतं, तरी बघितलंच. साधे काळे जोडे, दूरवरून आल्याची धूळ. आपण ते पुसून चवडे बाहेर करून ठेवावेत, असं त्यांना एकदम फार वाटून गेलं.

"मी सही करायलाच आले होते," ती म्हणाली. "गाडीत रात्रभर ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. माझे बाबा कशासाठी तरी गेले असं झालं तर बरंच आहे की." ती काकांकडं वळली. "काका, एकच सांगा. माझ्या बाबांचे जोडे तुम्ही हातात घेतलेत?"

"शंभरदा, पोरी."

"डावासुद्धा?"

"डावा तर जास्त! तळ असा झिजलेला, की मी म्हणायचो, घड्याळजी, एक तळ बसवून देतो, पैसे नकोत. तर म्हणायचे, राहू दे, यातूनच मला जमीन कळते."

"राहू दे," खिडकीपाशी वकीलबाई पुटपुटल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "बाई, राहू दे. सही कर. ते खरे एकशे सदतीस तरी..." म्हणजे खरा आकडा बाईंना केव्हापासूनच ठाऊक होता, हे काकांना आत्ता कळलं.

मुलीनं पेनाचं टोपण लावलं. पेन कागदावर नीट, सरळ ठेवलं.

"बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता, काका. लाज वाटायची त्यांना, म्हणून कुणाला सांगायचे नाहीत. जोडा त्या लाकडाला खिळ्यांनी ठोकलेला. जिथं जोडे काढावे लागतात तिथं ते कधी गेले नाहीत, माझ्या शाळेतसुद्धा नाही. आणि ते कुणापुढं वाकले नव्हते. पँट वर करून दाखवायला वाकले होते." तिचा आवाज चढला नाही, पण वर्गाच्या दारापर्यंत ऐकू गेला. "तुम्ही खोटं बोलताय."